मोठ्या वयाचा कुत्रा घरात घेताना

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या आपल्या किनारपट्टीत कुत्रा हा आजवर अंगणातला प्राणी. वाडीची राखण करायची, रात्री कोल्हेकुई झाली की भुंकून उत्तर द्यायचे, दुपारी पडवीच्या सावलीला पडून राहायचे आणि उरल्यासुरल्या भातावर पोट भरायचे, एवढाच त्याचा आपला संबंध. चौलजवळ भोवाळ्याच्या टेकडीवर दत्ताच्या दर्शनाला जाणारा माणूस देवाच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांनाही हात जोडतो. पण घरचा कुत्रा ओटी चढून माजघरात डोकावला की त्याच्यावर खेकसल्याशिवाय राहत नाही. त्यात गैर काही होते असे मी म्हणत नाही. कुत्रा बाहेर होता तोवर तो लघवी कुठे करतो, हा प्रश्नच उठत नव्हता.

आता तो उठू लागला आहे. रस्त्यावर गाड्या वाढल्या, वाड्यांना कुंपणे आली, आणि राखणीचा कुत्रा रात्री तरी आत घ्यावा असे लोकांना वाटू लागले. मांडवा, आवास, सासवणे, किहीम या बाजूला मुंबईकरांचे बंगले झाले. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून गाडी आणि गाडीतला कुत्रा दोन्ही थेट आपल्या बंदरात उतरतात. काही बंगल्यांची मालकी बदलते, रखवालदार बदलतात, आणि कुत्रा मागे राहतो. मग शाळेतून येणारे एखादे पोर त्याला दप्तराच्या पट्ट्याने बांधून घरी आणते. पिल्लू नव्हे बरं का, चांगला दोन-चार वर्षांचा वाढलेला कुत्रा.

पहिले दोन दिवस कौतुकाचे जातात. तिसऱ्या दिवशी माजघरात ओल दिसते. चौथ्या दिवशी तांदळाच्या कणगीच्या बुडाशी. मग पाहुण्यांच्या पिशवीवर, आणि आठवडा भरतो न भरतो तोच देवघराच्या उंबऱ्याशी. त्यानंतर घरात काय बोलणे होते ते मी सांगायला नको. ‘एवढा मोठा घोडा झालाय, त्याला कळत नाही का? मुद्दाम करतो!’ आणि एका संध्याकाळी त्याला दुचाकीवर पुढ्यात घेऊन कुणीतरी दुसऱ्या गावच्या बंदरावर सोडून येते. तिथली मासळीवर जगणारी कुत्री परक्याला उभे करीत नाहीत, आणि आठ दिवसांत तो लंगडत तरी असतो किंवा दिसेनासा तरी होतो. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हाही आहे. पण कायद्याचे राहू द्या. ज्या खोडीसाठी त्याला हाकलले, ती बहुतेक वेळा महिना-दीड महिन्यात सुटणारी असते, हे त्या घराला कुणी सांगितलेले नसते. आज मला तेवढेच सांगायचे आहे.

कुत्र्याच्या जातीला स्वच्छता उपजत असते. पिल्ले जन्मली की पहिले दोन-तीन आठवडे त्यांची सारी घाण आईच चाटून काढते. पुढे ती पाय रोवून चालू लागली की झोपायची जागा सोडून चार पावले दूर जातात आणि मग बसतात. हे त्यांना कुणी शिकवत नाही. मात्र ही स्वच्छता झोपायच्या आणि खायच्या जागेपुरतीच असते. कुत्र्याच्या लेखी ज्या गोणपाटावर तो अंग टाकतो तेवढे त्याचे घर. पलीकडे सारे रान.

आता आपले घर पाहा. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागची पडवी, परसू. यातले आत कोणते आणि बाहेर कोणते, हे आपल्या पोरांनासुद्धा उपजत कळत नाही. चिखलाचे पाय घेऊन ओटीवर आल्याबद्दल शंभर वेळा ओरडा खाल्ल्यावर कळते. मग ज्याने जन्मात छप्पर पाहिले नाही, त्याला माजघर म्हणजे वाडीचाच एक कोरडा भाग वाटला, तर त्याचे वय काढून काय उपयोग? वयाने तो मोठा आहे. या घरात मात्र तो चार दिवसांचा आहे.

दुसरी एक गोष्ट पायाखालच्या जमिनीची. लहानपणापासून ज्या जमिनीवर लघवी करायची सवय लागली, ती जमीन पायाला लागली की कुत्र्याला मोकळे व्हावेसे वाटते. किनाऱ्यावर वाढलेला कुत्रा वाळू किंवा गवत शोधतो. त्याला आत आणले, तर घरातली मऊ, पाणी शोषणारी वस्तू त्याला गवतासारखी लागते. दारात पाय पुसायला टाकलेले गोणपाट, गोधडी, न्हाणीपुढची चटई यांच्यावर पाळी येते ती यामुळे. उलट बंगल्याच्या मागल्या बाजूस साखळीने बांधून वाढवलेल्या कुत्र्याने जन्मभर सगळे विधी फरशीवरच केलेले असतात. त्याला तुम्ही गवतात तासभर फिरवून आणा, तो दाबून धरील आणि घरात येऊन लादीवर पाय टेकताच मोकळा होईल. लोकांना वाटते, खोडसाळपणा केला. त्याने सवयीप्रमाणे योग्य जागा गाठली, एवढेच. तेव्हा कुत्रा आणताना तो कुठे वाढला याची चौकशी करावी. निम्मे कोडे तिथेच उकलते.

आता शिकवण्याकडे वळण्याआधी एक चाळणी लावावी लागते. हा कुत्रा आजारी तर नाही ना? आजाराला शिस्त लागू पडत नाही.

घटकेघटकेला बसतो आणि चार थेंबच होतात, लघवी लालसर किंवा गढूळ आहे, करताना कण्हतो, अशा वेळी मूत्राशयाचा दाह किंवा मुतखडा असण्याचा संभव असतो. नर कुत्रा वारंवार पाय उचलतो, जोर करतो आणि काहीच होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावे; सकाळपर्यंत थांबू नये, कारण लघवी अडली तर जीव जातो. लघवी खूप होते आणि पाणीही खूप पितो, अशी तक्रार असली तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मादीच्या गर्भाशयातला पू, असे काही असू शकते. पाणी किती पितो हे अंदाजाने सांगू नका, मोजा. सकाळी मापाने भांडे भरून ठेवावे आणि चोवीस तासांनी किती उरले ते पाहावे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटर पाणी ठीक. शंभराच्या वर गेले तर तपासणी हवी. आपला गावठी कुत्रा साधारण पंधरा किलोचा धरला, तर पाऊण ते एक लिटर ठीक आणि दीड लिटरच्या पुढे शंका. डॉक्टरांकडे जाताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरून न्यावी आणि दोन-तीन तासांच्या आत पोहोचवावी. पुढच्या तपासण्या तालुक्याला झाल्या नाहीत, तर मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे.

मात्र दवाखान्याकडे धाव घेण्याआधी आपल्या चुलीकडे एकदा बघून घ्या. किनाऱ्यावरच्या घरात कुत्र्याला मिळते काय? खारवलेल्या मासळीची डोकी, सुकटीचा चुरा, कालवणाचा तळ. या सगळ्यात मीठ भरपूर. मीठ गेले की तहान लागते, तहानेमागे पाणी आणि पाण्यामागे लघवी. त्यावर रात्री भांडेभर भाताची पेज दिली, म्हणजे पहाटे तीनला काय होणार ते ठरलेलेच. सुकी मासळी द्यायचीच तर दोन पाण्यांतून भिजवून मीठ काढून द्यावी. ओली मासळी बिनमिठाची उकडावी. पेज दुपारी द्यावी आणि रात्रीचे खाणे थोडे घट्ट, दिवेलागणीच्या सुमारास उरकावे. पाणी मात्र तोडू नये. ‘पाणीच नाही दिले तर मुतेल कुठून’ हा हिशेब आपल्या दमट उकाड्यात जनावराच्या जिवावर येतो.

मादी कुत्रीच्या बाबतीत आणखी एक प्रकार आढळतो. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली कुत्री चांगली शहाणी असते, जागेपणी कधी चुकत नाही; पण झोपून उठली की तिच्या अंथरुणावर ओला डाग. तिला स्वतःलाही ते कळत नाही. मूत्रमार्गाची पकड सैल झाल्याने असे होते, कधी शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही होते, आणि त्यावर औषध आहे. अशा कुत्रीला रागावणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला खोकल्याबद्दल रागावण्यासारखे आहे.

आजार नाही असे ठरले, की मग लघवी कशी होते ते पाहायचे. सगळी ओल सारखी नसते. भरपूर, पसरलेली, बसून केलेली असली तर पोट भरले होते आणि जागा कळली नाही, असा अर्थ. थोडीशी, उभ्या वस्तूवर, पाय वर करून उडवलेली असली तर ती कुत्र्याची सही आहे. नव्या घरात आलेला नर आपली खूण ठेवत जातो: खांब, दाराची चौकट, पाहुण्याची बॅग, आणि नेमके तुळशीवृंदावन. वृंदावन अंगणाच्या मधोमध उभे. कुत्र्याच्या दृष्टीने याहून सोयीचा खांब गावात नाही. घरातल्या आजीला हे सांगून पटणार नाही हे मी जाणून आहे. त्यावर उपाय दोन. वृंदावनाभोवती पहिले दोन महिने कारवीच्या काठ्यांचा गुडघाभर कूड घालावा, आणि कुत्र्याची शस्त्रक्रिया झालेली नसेल तर ती करून घ्यावी. शस्त्रक्रियेने पुष्कळ नरांची ही खोड कमी होते. सगळ्यांचीच जाते असे नाही, आणि जुनी मुरलेली खोड शिकवणुकीशिवाय जात नाही. आणलेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला खाच दिसली, तर ती शस्त्रक्रिया आधीच झाली आहे असे समजावे. भटक्या कुत्र्यांवर ती करून सोडताना अशी खूण करतात.

तिसरा प्रकार भीतीचा. तुम्ही दारातून आत येता, कुत्रा कान मागे पाडतो, अंग चोरतो, शेपूट पोटाखाली घेतो आणि तिथेच पाण्याची धार सोडतो. आधी मार खाल्लेल्या कुत्र्यांत हे फार दिसते. तो तुम्हांला सांगत असतो की, मी लहान आहे, मला मारू नका. आता यावर काठी उचलली तर काय होईल? तो आणखी लहान होईल, म्हणजे आणखी मुतेल. अशा कुत्र्याशी आल्याआल्या बोलू नये, त्याच्यावर वाकू नये, डोळ्यांत डोळे घालू नयेत. शांतपणे पुढे जावे, बाजूला बसावे आणि तो आपण होऊन जवळ आला की छातीखाली खाजवावे. काही दिवसांत धार आटते.

मारण्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे पहिला उपाय तोच. कुत्र्याचे नाक ओलीत घासायचे आणि पाठीत चप्पल हाणायची. करणारे शपथेवर सांगतात की, ‘अहो, त्याला कळतं! मी नुसता दारात उभा राहिलो तरी चोरासारखा बघतो.’ तो चोरासारखा बघतो हे खरे. पण का बघतो, याचा छडा २००९ साली न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी लावला. त्यांनी चौदा कुत्रे घेतले. खाऊ समोर ठेवून ‘खाऊ नको’ असे सांगायचे आणि मालकाने खोलीबाहेर जायचे. मालक परत आला की कधी त्याला खरे सांगितले, कधी खोटेच सांगितले की कुत्र्याने खाऊ खाल्ला. तेव्हा असे दिसले की, अपराधी चेहरा अपराध केलेल्या कुत्र्याचा होत नव्हता. ज्याला मालक रागावला त्याचा होत होता. उलट काहीच न केलेल्या कुत्र्याला बोलणी बसली, तर त्याचा चेहरा अधिकच पडे. म्हणजे तो तुमच्या चढलेल्या भुवया वाचतो, आपला गुन्हा आठवत नाही.

मग तासापूर्वीच्या लघवीबद्दल आता मारल्याने तो काय शिकतो? एवढेच शिकतो की, जमिनीवर ओल असताना हा माणूस घरात आला की मार पडतो. म्हणून पुढच्या वेळी तो कणगीमागे, पलंगाखाली, लाकडांच्या ढिगाआड जाऊन करतो. आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही दोरी धरून त्याला बाहेर नेले, तरी तुमच्या देखत करीत नाही. तुम्ही अर्धा तास उभे राहून कंटाळता, आत आणता, पाठ वळवता आणि झाले! ही गाठ माराने पडलेली असते आणि सोडवायला महिने लागतात.

शिक्षकबंधूंना इथे वर्गातले काही आठवेल. वसतिगृहात अंथरूण ओले करणारा मुलगा असतो. त्याला चारचौघांत उभे केले तर अंथरूण कोरडे होत नाही. तो फक्त पहाटे उठून चादर लपवू लागतो. पुढचे सांगायला नको.

बरे, मग करायचे काय? आधी वेळ बांधायची. निरोगी मोठा कुत्रा रात्रीचे सहा-आठ तास धरू शकतो, पण नव्या घरातल्या नव्या कुत्र्याकडून ती अपेक्षा पहिले पंधरा दिवस ठेवू नये. त्याला पिल्लूच समजावे. पहाटे उठल्याबरोबर, प्रत्येक खाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, दुपारच्या झोपेतून उठला की, खेळून दमला की, दिवेलागणीला आणि आपण निजण्यापूर्वी, असे त्याला दोरी लावून बाहेर न्यायचे. याखेरीज दिवसा दर दोन-तीन तासांनी एक फेरी. घरात पोरे असली तर ही कामे वाटून देता येतात. दुधाचे खाडे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरावर मांडतो, तशीच याचीही नोंद ठेवावी: किती वाजता नेला, झाली की नाही, घरात चुकला तर कुठे आणि किती वाजता. आठवड्याने तो कागद पाहिला की कुत्र्याचे घड्याळ दिसू लागते. जेवणानंतर बरोबर अठरा मिनिटांनी जाणारा कुत्रा असतो, आणि फेरीवरून परतल्यावर दहा मिनिटांनी जाणाराही असतो. शास्त्राच्या तासाला निरीक्षण शिकवायचे, तर याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

न्यायचे ते रोज एकाच दाराने आणि एकाच जागी. वाडीच्या कडेला, विहिरीपासून आणि भाजीच्या आळ्यांपासून दूर, अशी जागा ठरवावी. तिथे पोचलो की आपण खांबासारखे उभे राहायचे. गप्पा नाहीत, खेळ नाही. तो वास घेत गोल फिरू लागला आणि बसला, की हळू आवाजात एक ठरावीक शब्द म्हणायचा. ‘शू कर’ म्हणा, दुसरे काही म्हणा. घरातल्या सर्वांनी तोच म्हणायचा. रशियातल्या पावलोव्ह या शास्त्रज्ञाने कुत्र्याला खाण्याआधी ठरावीक खूण देण्याची सवय लावली आणि पुढे नुसत्या खुणेने त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले, ही गोष्ट अध्यापन पदविकेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचली आहे. इथे तीच युक्ती. दोन-तीन आठवड्यांनी तो शब्द उच्चारताच कुत्रा जागा शोधू लागतो, आणि आषाढातल्या रात्री या शब्दाची किंमत कळते.

झाली, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि हातात तयार ठेवलेला भाकरीचा नाहीतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. त्याच क्षणी म्हणजे तिथेच, जागेवर. परत पडवीत आल्यावर दिलेला तुकडा हा त्याच्या हिशेबी पडवीत आल्याबद्दलचा असतो. सुकटीचा तुकडा देऊ नका, कारण वर सांगितलेच आहे. आणि झाल्याबरोबर ओढत आतही आणू नका. थोडे फिरवा. नाहीतर हुशार कुत्रा लवकरच ताडतो की, लघवी केली की हिंडणे संपते. मग तो धरून ठेवायला लागतो.

दहा मिनिटे उभे राहूनही झाली नाही तर आत आणायचा, पण मोकळा सोडायचा नाही. दोरीचे टोक आपल्या कमरेला किंवा आपण बसलो असू तिथल्या खांबाला बांधावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावा. नजरेआडचा कुत्रा चुकतो. आत चुकताना डोळ्यांसमोर सापडला, तर टाळी वाजवून ‘चल, चल’ म्हणत लगबगीने बाहेर न्यायचा. उरलेली बाहेर केली तर शाबासकी द्यायची. मागाहून ओल सापडली तर एक शब्द न बोलता पुसून काढायची.

आणि आता घराची ओळख. ती एका दमात करून द्यायची नाही, उंबरठ्यागणिक द्यायची. पहिला आठवडा पडवी. तिथेच त्याचे गोणपाट, तिथेच खाणे. सात दिवस कोरडे गेले की ओटी. ओटीवर पहिल्यांदा नेताना तो नुकताच बाहेर जाऊन आलेला असावा. गोणपाट उचलून ओटीवर घालावे, तिथे त्याला जेवू घालावे, आपण शेजारी सुपारी कातरत नाहीतर वर्तमानपत्र वाचत बसावे. कुत्रा जिथे खातो आणि झोपतो तिथे घाण करीत नाही, हे मघाशी आलेच. म्हणजे त्याचे ‘घर’ आपण गोणपाटापासून एकेक खण वाढवत न्यायचे. ओटी कोरडी राहिली की माजघर. एखाद्या खणात चुकला, तर शिक्षा म्हणून नव्हे, उजळणी म्हणून एक उंबरठा मागे यायचे आणि चार दिवसांनी पुन्हा पुढे. स्वयंपाकघर आणि देवघर त्याला दाखवायचे की नाही, ही ज्याच्या त्याच्या घरची रीत. नाही दाखवले तरी कुत्र्याचे काही अडत नाही.

या पद्धतीने बहुतेक कुत्रे चार ते सहा आठवड्यांत मार्गी लागतात. फरशीवर वाढलेल्याला अधिक वेळ लागतो. त्याच्यासाठी ठरलेल्या जागी सुरुवातीला दोन-चार जुन्या लाद्या टाकाव्यात आणि आठवड्याला एकेक उचलत जावे. लाद्या संपेपर्यंत मातीची ओळख होते.

हे सारे उन्हाळ्यात सोपे. जून लागला, पागोळ्या सुरू झाल्या, अंगणात घोटाभर पाणी साचले की शिकलेला कुत्राही दारात उभा राहून आपल्या तोंडाकडे बघतो. त्याला ढकलून काही होत नाही. पाऊस लागण्यापूर्वी मागच्या पडवीला लागून किंवा गोठ्याच्या कडेला दीड-दोन हात लांबीरुंदीची जागा माडाच्या झापांनी शाकारून घ्यावी. खाली वीतभर माती किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा टाकावा. आणि मुख्य म्हणजे मे महिन्यातच कुत्र्याला तिथे न्यायला लागावे, त्याच्या नेहमीच्या जागेची थोडी माती तिथे आणून टाकावी, म्हणजे वासाने ओळख पटते. भुसा आठवड्याला बदलावा. एवढे केले की मुसळधार पावसातही अडत नाही. दारातले पायपुसणे मात्र पावसाळाभर उंच खिळ्याला टांगावे आणि माणूस आला की खाली टाकावे.

आता सफाई. ओल आपल्याला दिसेनाशी झाली म्हणजे गेली असे नाही. कुत्र्याच्या नाकाला ती महिनाभर सांगत असते की, जागा हीच. आधी जुन्या वर्तमानपत्राने किंवा फडक्याने दाबून टिपून घ्यावी. घासू नये, घासल्याने पसरते. मग साध्या पाण्याने दोनदा पुसावे. लादीवर निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर असे फिरवावे, वाळले की खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा. लादीच्या सांध्यांत ओल मुरते, तिथे हे दोन-तीनदा करावे लागते. लघवीचा वास मुळापासून मोडणारी पाचक द्रव्ये असलेली औषधेही शहरात मिळतात. गोधडी-गादीला तीच बरी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पुसून उपयोग नाही. तेवढा पोपडा खरवडून बाहेर टाकावा, नवी माती चोपावी आणि सारवावे. फिनेलच्या भरवशावर राहू नये. त्याचा उग्र वास आपले समाधान करतो, खालचा वास मोडत नाही, आणि ओल्या फिनेलवरून चाललेला कुत्रा पुढे पाय चाटतो ते वेगळेच.

भातलावणीच्या दिवसांत या सफाईला आणखी एक कारण असते. लेप्टोस्पायरोसिस हा ताप उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या लघवीतून पसरतो, आणि कुत्रा धडधाकट दिसत असला तरी त्याच्या लघवीत ते जंतू असू शकतात. पाण्यात आणि चिखलात ते टिकतात. कोरड्या, उन्हाच्या जागी लवकर मरतात. त्या दिवसांत आपल्या बायामाणसांच्या पायांना चिखल्या झालेल्या, हाताला विळ्याचे काप. म्हणून लघवी उघड्या हाताने पुसू नये, हाताला प्लॅस्टिकची पिशवी तरी बांधावी. ओल टिपून, धुऊन झाल्यावर पाण्यात कालवलेली थोडी ब्लीचिंग पावडर फिरवावी आणि हात-पाय साबणाने धुवावेत. साचलेल्या लघवीवर किंवा व्हिनेगरवर ब्लीचिंग ओतू नये, त्यातून डोळे झोंबणारा वायू निघतो. कुत्र्याला दरवर्षी रेबीजबरोबर लेप्टोचीही लस मिळते का, ते दवाखान्यात विचारावे. आणि घरात कुणाला थंडीताप आला, पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर आरोग्य केंद्रात जाताना घरात कुत्रा आहे आणि शेतात चिखलात काम चालू आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

एक प्रश्न उरतो. दोन महिने चोख वागलेला कुत्रा गणपतीत एकाएकी चुकतो. असे का? मुंबईहून पंधरा माणसे येतात, पंधरा बॅगा येतात आणि प्रत्येकीला परका वास. माजघरातला पलंग ओटीवर जातो, ओटीवर मखर उभे राहते, दारात फटाके वाजतात आणि ज्याच्याकडे फेऱ्यांचे काम होते ते पोर आरतीच्या नादात विसरते. कुत्र्याने इतक्या कष्टाने पाठ केलेले घर एका दिवसात बदललेले असते. तेव्हा पहिल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशीच त्याचे गोणपाट मागच्या पडवीत हलवावे, बॅगा खुंटीला किंवा फळीवर ठेवाव्यात आणि फेऱ्या पुन्हा पहिल्या आठवड्यासारख्या सुरू कराव्यात. विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वेळी त्याला आतल्या खोलीत, ढोलताशांपासून दूर, घरातल्या एखाद्या शांत माणसापाशी बसवून ठेवावे. पाहुणे गेले, पलंग जागेवर आला की चार-आठ दिवसांत तो पुन्हा ओटीवर येऊन झोपायला लागतो.